आहेराच्या कापडाचे फॉर्मल

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे बघितलं आणि विचारलं, "येता येता भाजी घेऊन आलीस का?"

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळचं डोळ्यांचं खासगी हॉस्पिटल. मी तिथे फ्रंट ऑफिसला लागले होते. आलेल्या पेशंटचं नाव टिपायचं, नंबर द्यायचा, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं, एवढं काम. मॅडम आमच्या मॅनेजर. तीन महिने ट्रायल, मग कायम किंवा घरी. घरी म्हणजे कळवण तालुक्यातलं आमचं गाव. तिथे वडिलांनी एका स्थळाला "तीन महिने थांबा" असं परस्पर सांगून ठेवलं होतं. माझी नोकरी टिकते का, याची वाट दोन ठिकाणी बघितली जात होती, आणि त्यातल्या एका ठिकाणी ती टिकू नये अशीच इच्छा होती.

मी कॉलेजात पत्रकं काढायचे. वसतिगृहाच्या नळाला पाणी नाही, काढ पत्रक. पास असून एसटी थांबत नाही, काढ पत्रक. कपडे हा आमच्या लेखी विषयच नव्हता. आता मागे वळून बघते तर तोही एक गणवेशच होता: जाडाभरडा कुर्ता, जीन्स, झोळी. असे दोन कुर्ते मी आलटून पालटून पाच वर्षं वापरले. त्यांवर सगळ्या मोर्चांची शाई होती. डोळ्यांच्या हॉस्पिटलात बसायला ते चालणार नव्हते, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कोणी भाजीवरून बोलणं वेगळं.

चार दिवसांनी मॅडमनी नियम सांगितले. शर्ट-ट्राउझर किंवा साधा कुर्ता. एकरंगी. इस्त्री पाहिजे. जीन्स नाही, छापील नाही. "आणि रिपीट नको हं. काल घातलेलं आज नको."

"सगळ्यांना हाच नियम आहे का?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"बिलिंगला बसणारे दादा सोमवारपासून त्याच पँटमध्ये आहेत. मी आलेय तेव्हापासून बघतेय."

बिलिंगवाल्या दादांनी काउंटरखाली पाय घेतले. मॅडम म्हणाल्या, "पुरुषांचं कळून येत नाही." हे वाक्य मी त्या दिवशी मनात छापून ठेवलं. पुरुषाची पँट कळून येत नाही म्हणून त्याला एक पुरते. बाईची कळून येते म्हणून तिनं पाच घ्यायच्या. पगार दोघांचा सारखाच, खर्च मात्र तिचा जास्त. असल्या नियमाला कोणी नियम म्हणू नये. हा परस्पर लावलेला कर आहे.

पण कर भरल्याशिवाय तीन महिने निघणार नव्हते. पहिला पगार व्हायला महिना होता. कॉलेज रोडच्या एका दुकानात जाऊन आले. तिथल्या एका शर्टात आमच्या खोलीचं माझ्या वाट्याचं भाडं निघालं असतं. विकणारी मुलगी म्हणाली, "मॅम, हा इन्व्हेस्टमेंट पीस आहे." मी म्हटलं, "बाई, तो शर्ट आहे." आणि बाहेर आले.

काठे गल्लीतल्या आमच्या खोलीत माझी जोडीदारीण होती, सुरगाण्याकडची, नर्सिंग करणारी. मी तिच्यापुढे कराचं भाषण केलं. ती पांढऱ्या युनिफॉर्मला नीळ देत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पत्रक छान होईल. पण सोमवारी घालशील काय? पत्रक?"

शेवटी आईला फोन केला. आईनं एक क्षणही घेतला नाही. "अगं, पेटीत एवढाले पीस पडलेत ना!"

पेटी म्हणजे आमच्या घरातली आहेराची पेटी. अशी पेटी आमच्याकडे घरोघर असते. लग्नाला गेलं की पुरुषाला टॉवेल-टोपी किंवा शर्टपीस-पँटपीस, बाईला साडी नाहीतर ब्लाउजपीस. कुंकू लावून हातात देतात, फोटो काढतात. घरी आलं की ते पेटीत जातं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिलं जातं. शिवत कोणीच नाही. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापलेलं असतं, आणि ते वाचूनच लोक आहेर घेऊन येतात. आई प्लास्टिकच्या पिशवीवर पेनानं लिहून ठेवते कोणाकडून आलं ते, म्हणजे चुकून ज्यानं दिलं त्यालाच परत जाऊ नये. या प्रथेविरुद्ध मी एकदा पत्रक काढलं होतं. आईनं ते वाचलं, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी अंथरलं.

तर त्या पेटीतले पीस आईनं कळवणहून निघणाऱ्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिले. मी स्टँडवर जाऊन पिशवी घेतली. आईचा लगेच फोन.

"मिळाली? ऐक. त्यातला आकाशी शर्टपीस आणि काळपट पँटपीस मामीकडचा आहे. तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नातला. तो तुझ्या वडिलांच्या मानाचा आहे."

"मग पाठवला कशाला?"

"चांगला आहे म्हणून. शीव, पण मामीच्या नजरेला पडू देऊ नको. जावयाला दिलेलं मानाचं कापड पोरीनं घातलं म्हटल्यावर ती मला जन्मभर ऐकवेल."

मामी कळवणजवळच्या गावात राहते, मी नाशकात. तिच्या नजरेला पडायचं काय कारण? मी "बरं" म्हणाले.

आता शिवणार कोण? लेडीज टेलर म्हणाला, पँट आमच्याकडे होत नाही. म्हणून द्वारका चौकाच्या अलीकडे एका गल्लीतल्या जेंट्स टेलरकडे गेले. मास्तरांनी पिशवी उघडली, एक पीस बाहेर काढला, कोपऱ्यावरचा कुंकवाचा डाग बघितला आणि परत आत ठेवला.

"ताई, हे आहेराचं आहे."

"हो."

"हे शिवायचं नसतं."

"का? कापडच आहे ना?"

"कापड आहे, पण पुरणारं नाही. हे देण्यासाठी फाडलेलं असतं, घालण्यासाठी नाही. दुकानदाराला माहीत, घेणाऱ्याला माहीत. वीतभर कमीच." त्यांनी टेप लावून दाखवला. खरंच कमी होतं. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत जाणार नव्हत्या. पँटही घोट्याच्या वरच संपणार होती.

मी तिथेच उभी राहून संतापले. म्हणजे माझ्या घरात वर्षानुवर्षं जी पेटी जपली, तिच्यातलं एकही कापड माणसाच्या मापाचं नव्हतं! मास्तर शांतपणे म्हणाले, "रागावून लांबी वाढत नाही. काय करायचं बोला."

माप घ्यायची पंचाईत झाली. मास्तर टेप हातात धरून मागे मागे सरकायला लागले. शेवटी आतून त्यांच्या बायकोला हाक मारली. तिनं हात पुसत येऊन माप घेतलं आणि आकडे एवढ्या मोठ्यानं सांगितले की समोरच्या चहावाल्यालाही माझी कंबर कळली. कमरेच्या पट्ट्याला आतून दुसरंच कापड जोडायचं ठरलं. कॉलरच्या आतही. बाह्या कोपराखाली थांबवायच्या. पँट घोट्याच्या वर. कुंकवाचे डाग शिवणीत जिरवायचे. पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात दिले. तोवर मी जोडीदारणीचे दोन कुर्ते घालून दिवस काढले.

हाती आलं ते असं: काळपट आणि करडी, दोन पँट. आकाशी, बिस्किटी आणि फिकट पिवळा, तीन शर्ट. दोन ब्लाउजपीस जोडून केलेला एक गडद निळा कुर्ता. गंमत म्हणजे सगळ्याला सगळं चालत होतं. त्यात माझी काही अक्कल नाही. आहेराचं कापड घेताना लोक असा रंग घेतात की जो कोणालाच आवडू नये आणि कोणालाच खटकू नये. तेच तर मॅडमना हवं होतं. भडक नाही, छापील नाही, एकरंगी. झोळीच्या जागी शालिमारला फुटपाथवर काळी पर्स घेतली. पायात काळे बंद सँडल. इस्त्री आमच्याकडे नव्हती. रात्री पँट गादीखाली सरळ पसरून झोपायचं, सकाळी तिला धार आलेली असायची.

मॅडमनी पहिल्यांदा मला त्या कपड्यांत बघितलं तेव्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "अँकल लेंथ? छान. हल्ली तेच चालतंय." कापड कमी पडलं होतं हे मी सांगितलं नाही. फॅशन म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

दोन महिने असे गेले. रोज जोडी बदलायची, आणि आठवड्यात एकदा तरी मॅडमना वाटायचं की नवीन घेतलंय. मला चीडही यायची आणि समाधानही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी. मग तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोलावलं.

"कळवणला शिबिर आहे. तपासणी, मोतीबिंदू असेल तर इथे आणून ऑपरेशन. तू तिकडचीच ना? नोंदणी तू सांभाळ. तुझं कायम करायचं की नाही ते मला या महिन्यात वर सांगायचं आहे. शिबिर कसं होतं ते बघू." जाता जाता म्हणाल्या, "आणि प्रोफेशनल ये. माणसं कपडे बघून विश्वास ठेवतात."

मी माझी सगळ्यात चांगली जोडी काढली. आकाशी शर्ट, काळपट पँट. मामीचं आठवलं. पण तिचे डोळे ठणठणीत होते, दोन शेतांपलीकडची म्हैस ओळखायची ती. शिबिराला ती कशाला येईल?

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. दाराशी टेबल, त्यावर मी, समोर टॅब, गळ्यात ओळखपत्र, खुर्चीला लटकवलेली काळी पर्स. आत डॉक्टर मशिनं लावून तयार. पुरुष आले. म्हातारे आले, चष्मेवाले आले, एक जण नुसता पंख्याखाली बसायला आला. बायका मात्र येईनात. म्हणजे यायच्या. फाटकापर्यंत यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पदर सारखा करत मागच्या मागे वळायच्या. एक म्हातारी तर सुनेच्या हाताला धरून अर्ध्या वाटेपर्यंत आली. सुनेनं माझ्याकडे बघितलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी झपाझपा निघून गेल्या. त्या म्हातारीचा एक डोळा लांबूनही पांढरा दिसत होता.

अकरा वाजता मॅडम आल्या. आत डोकावल्या. बायकांच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. "लेडीज कुठायत?"

"येतील, मॅडम."

"तू इथली ना? मग?" एवढंच बोलल्या आणि माझ्या मागे खुर्ची टाकून बसल्या. माझ्या पाठीला ती खुर्ची जाणवत होती. आणि स्थळही जाणवत होतं, जसं काही तेही शेजारीच बसलंय.

मी उठून फाटकावर गेले. बाहेर कडुलिंबाखाली पंधरावीस बायका घोळका करून उभ्या होत्या. मी चार पावलं पुढे टाकली, तशा त्या चार पावलं मागे सरकल्या.

"आक्का, या की आत. तपासणी फुकट आहे."

मग मागून एकीनं तोंड उघडलं. "आमचा हप्ता मंगळवारी असतो. आज कशाला आली बाई?"

"कसला हप्ता?"

"गटाचा. तुम्ही वसुलीवाल्याच ना?"

मी स्वतःकडे बघितलं. आकाशी शर्ट, काळपट पँट, ओळखपत्र, काळी पर्स, टॅब. बचतगटांच्या कर्जाची वसुली करणारी पोरंपोरी गावोगाव अगदी अशीच फिरतात. मीच गावी असताना त्यांना बघून शेजारणींना घराच्या मागच्या दारानं जाताना पाहिलंय. माणसं कपडे बघून विश्वास ठेवतात, मॅडम. बरोबर आहे. फक्त कोणते कपडे कोणाला काय सांगतात, ते नाशकात बसून कळत नाही.

"मी वसुलीवाली नाही," मी म्हटलं. "मी डोळ्यांच्या दवाखान्यातली."

"समदे असंच म्हनतात," दुसरी म्हणाली. "आधी नाव लिहून घेतात."

तेवढ्यात घोळक्याच्या मागून ओळखीचा आवाज आला. "काय गं, कोन हाय ती?" आणि बायकांना कोपरानं बाजूला करत मामी पुढे आली. सासूला, म्हणजे माझ्या आजीला, घेऊन आली होती तपासायला. माझ्याकडे बघून तिचं तोंड उघडलं, ते माझ्या तोंडाकडे बघून नाही. तिनं सरळ माझा शर्ट चिमटीत धरला. तो बोटांनी चोळला, उलटा करून शिवण बघितली.

"हा तर माझा पीस!"

मी शर्ट सोडवून घ्यायला गेले, पण तिनं चिमटी सोडली नाही.

"थोरल्याच्या लग्नातला! आनि ही पँट? हीबी! दाजींच्या मानाचा आहेर हाय हा. तो तुझ्या अंगावर कसा? दाजी काय आता उघडे फिरतात?"

बायका हसल्या. आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. मागे मॅडम उठून फाटकापाशी आल्या होत्या. आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता, आणि मला ते नीट जमतही नाही.

"मामी, नोकरीला कपडे नव्हते. आईनं पेटीतून काढून दिले. मी शिवले."

"शिवले?" मामीनं घोळक्याकडे वळून बघितलं. "ऐकलं का गं? शिवला हिनं! एवढी लग्नं झाली, गाडीभर कापड वाटलं मी. एकानं अंगाला लावलं नाय. माझाच पीस फिरून फिरून माझ्याच धाकट्याच्या लग्नात मला परत आला. आनि हिनं शिवला!" तिनं पुन्हा बाही धरली. "पन बाह्या अशा तोकड्या का?"

गप्प बसायला हवं होतं. पण मला ते येत असतं तर मी पत्रकं काढली नसती. "कापड पुरलं नाही, मामी. वीतभर कमी होतं."

मामी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. "मीच सांगितलं होतं दुकानदाराला, कमी फाड म्हनून," ती म्हणाली. "मला काय ठावं कोनी शिवंल!" ती हसत सुटली, तशा बाकीच्याही. एक म्हणाली, "माझ्या पेटीत हाच हाय, आकाशी." दुसरी म्हणाली, "माझ्याकडं दोन हायत." मामीनं अख्खा ताकाच घेतला होता, सगळ्या भावकीला एकच कापड. त्या घोळक्यातल्या निम्म्या बायकांच्या घरी माझा शर्ट पडून होता, न शिवलेला. त्या एकेक करून पुढे आल्या आणि हात लावून बघायला लागल्या, शिवल्यावर तो कसा दिसतो ते. एकीनं मला पाठमोरी व्हायला सांगितलं. मी झाले.

"वसुलीवाली नाय गं," मामी ओरडली. "आपल्या नंदेची पोर हाय. अंगावर माझाच आहेर हाय. चला आत, माझ्या सासूचा नंबर पैला."

एका बाईनं निरोप धाडला, आणि थोड्या वेळात पांढऱ्या डोळ्याची म्हातारीही सुनेबरोबर परत आली. दुपारी जेवायला मला उठता आलं नाही. मॅडम स्वतः खुर्च्या लावत होत्या.

परतीच्या गाडीत मॅडम पुढे बसल्या होत्या. द्वारकेच्या सिग्नलला अडकलो तेव्हा म्हणाल्या, "सगळे कपडे आहेराचे?"

"सगळे."

"अँकल लेंथ पण?"

"कापड पुरलं नव्हतं."

त्या खिडकीबाहेर बघून हसल्या असाव्यात. मला फक्त मान दिसली. मग म्हणाल्या, "पुढच्या शिबिराला साडी नेस."

"मॅडम, ऑफिसात एक आणि शिबिरात एक, असं दोन्हीकडचं मी शिवायचं का? बिलिंगचे दादा कुठेही त्याच पँटमध्ये जातात."

"तू कायम झालीस तरी अशीच बोलणार आहेस का?"

"झाले का?"

"सोमवारी पत्र देते." सिग्नल सुटला. रिपीटचं त्यांनी त्यानंतर मला कधी विचारलं नाही. नियम अजून आहे. दुसऱ्या मुलींना अजून विचारतात. त्याचं काय करायचं ते मी आणि त्या मुली मिळून ठरवतोय.

सोमवारी रात्री घरी फोन केला. वडिलांनी उचलला. पत्र मिळालं म्हणून सांगितलं. ते थोडा वेळ "हं, हं" करत राहिले.

"मामी येऊन गेली," मग म्हणाले. "तुझ्या आईला दोन तास ऐकवलं. मला नवा पीस दिला. म्हणाली, हा तरी तुम्ही शिवा."

"मग शिवा की."

"मी कुठं घालतो पँट? तुला लागतोय का?"

"मापून बघा आधी."

"बघितला," वडील म्हणाले. "पूर्ण आहे. उद्याच्या गाडीला देतो." मग फोन ठेवता ठेवता, दुसऱ्याच कशाबद्दल बोलल्यासारखं म्हणाले, "आणि त्या लोकांना कळवून टाकलं मी. थांबू नका म्हणून."